घरोघरी नवजात बालसेवा

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाची व बाळंतिणीची काळजी, गावातच राहणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन घेण्याच्या पद्धतीला घरोघरी नवजात बालसेवा असे म्हणतात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात ती विकसित केली.

तिचा उगम एका साध्या निरीक्षणात आहे. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नियमित पाहणी केली असता, सुमारे ४२ टक्के बाळांचे वजन अडीच किलोंपेक्षा कमी भरले. मात्र डॉक्टरांनी पाहिलेली बाळे जेमतेम २.६ टक्के होती. बाळंतपणे बहुतेक घरीच होत आणि बाळ आजारी पडले तरी ते बाळंतिणीच्या खोलीबाहेर सहसा नेले जात नसे. त्यामुळे आजारी बाळ दवाखान्यात यावे या अपेक्षेवर उभी असलेली व्यवस्था या वयाच्या बाळांसाठी जवळपास नसल्यासारखीच होती.

यावर उपाय म्हणून गावातील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. आरोग्यदूत बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राही, न रडणाऱ्या बाळाला हवेची पिशवी व तोंडावर लावायच्या मुखवट्याने श्वास देई, झोळीच्या काट्यावर वजन करी, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायला शिकवी आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा येई. जंतुदोष ओळखण्यासाठी तिला रक्ततपासणीची सोय नव्हती, म्हणून लक्षणांचीच कसोटी बनवली गेली: बाळाचे चोखणे वा रडणे मंदावणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार किंवा तापलेले लागणे, पोट फुगणे वा उलट्या होणे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, बेंबीतून पू येणे. यांतील दोन लक्षणे एकाच वेळी दिसली की उपचार सुरू होत. श्वासांच्या मोजणीत अडखळणाऱ्यांसाठी याआधी न्यूमोनियाच्या कामात मण्यांचे श्वासमोजक यंत्र वापरात आले होते. वाळूचे घड्याळ उलटायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटभरात लाल मण्यापर्यंत पोहोचले तर श्वास धोक्याच्या गतीचा समजायचा.

सर्वांत वादाचा भाग इंजेक्शनचा होता. दवाखान्यात जायला सांगूनही आई-वडील तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने आरोग्यदूत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन घरीच देई, जोडीला तोंडाने द्यायचे प्रतिजैविकही असे. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने हे करावे का, हा आक्षेप गैर नव्हता; पण ज्या खोलीत डॉक्टर पोहोचतच नाही तिथे त्या आक्षेपाचे वजन कमी होते. या ३९ गावांची, ही सेवा नसलेल्या ४७ तुलनात्मक गावांशी तुलना करणारी चाचणी १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिसऱ्या वर्षी, तुलनात्मक गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे तीत नोंदले आहे.

२०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत ‘आशां’मार्फत, म्हणजे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर स्वीकारली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या, तर घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची भेट धरून सात. याच भेटींत बाळंतिणीचा ताप आणि रक्तस्रावही पाहिला जातो. गडचिरोलीचे प्रारूप मात्र जसेच्या तसे उचलले गेले नाही. इंजेक्शन आशांकडे आले नाही. २०१४ मध्ये, बाळाला दवाखान्यात पाठवणे शक्य नसेल तेव्हा, ते देण्याची मुभा परिचारिकेला म्हणजे एएनएमला मिळाली. म्हणजे भेट देशभर गेली, पण घरातल्या घरात उपचार हा तिचा सर्वांत धाडसी भाग आशांच्या हाती आला नाही. सर्व भेटी मिळून २५० रुपयांचा मोबदला ठरला आणि त्यासाठी वजनाची नोंद, लसीकरण व जन्मनोंदणीबरोबरच ४२ व्या दिवसापर्यंत माता व बालक सुखरूप असण्याची अटही घातली गेली. सर्व भेटी चोख करूनही बाळ दगावल्यास आशेच्या पदरी काय पडावे, या प्रश्नाचे उत्तर त्या अटीत दिलेले नाही.