हूडखालील अग्निशमन प्रणाली: इंधन आणि वीज तोडण्याची व्यवस्था

व्यावसायिक स्वयंपाकघरात हूडखालची (शेगड्यांवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीखालची) अग्निशमन प्रणाली सुटली, म्हणजे कार्यान्वित होऊन रसायन फवारू लागली, की तिच्या संरक्षणाखालील उपकरणांना उष्णता देणारा गॅस आणि वीज आपोआप बंद व्हावी लागते. कोणी हाताने रीसेट करेपर्यंत ती बंदच राहावी लागते. अमेरिकेतील एनएफपीए ९६ या व्यावसायिक स्वयंपाकघरांच्या अग्निसुरक्षा मानकातली ही अट आहे.

खाद्यतेल साधारण ३६० अंश सेल्सिअसच्या पुढे आपोआप पेटते. फवारलेले पोटॅशियम क्षारांचे द्रावण तापलेल्या तेलाशी मिसळून साबणासारखा फेसाळ थर तयार करते आणि हवा तोडते. पण खाली बर्नर चालूच राहिला, तर तेल निवत नाही, थर विरतो आणि तेल पुन्हा भडकते. तोवर द्रावणाची टाकी रिकामी झालेली असते.

त्याच हूडखालच्या, संरक्षण न लागणाऱ्या गॅस उपकरणांचा पुरवठाही तुटला पाहिजे. बाहेरून येणारी वाफ या अटीतून वगळली आहे. एक्झॉस्ट पंखा मात्र सहसा चालूच ठेवतात, कारण धूर बाहेर जायला हवा. बंद करायची ती हूडच्या आत सोडली जाणारी ताजी हवा. इथे गल्लत बरीच होते.

यांत्रिक गॅस व्हॉल्व्ह केबलने सुटून स्प्रिंगच्या जोराने मिटतो. सोलेनॉइड (विद्युतचुंबकी) व्हॉल्व्ह वीज असेपर्यंतच उघडा राहतो, म्हणून त्याला हाताने रीसेट होणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडतात. तो नसेल तर गेलेली वीज परतताच व्हॉल्व्ह उघडतो आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस खोलीत साचतो. विजेच्या उपकरणांसाठी कंट्रोल बॉक्समधला मायक्रोस्विच काँटॅक्टरच्या (मोठा भार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) कॉइलची वीज तोडतो. हीटरचा पूर्ण भार मायक्रोस्विचवर टाकू नये.

बिघाड बहुधा साधेच असतात: केबलच्या पुलीत साचलेले तेलकट किटण, चिकटून बसलेले काँटॅक्टरचे संपर्क, चाचणीनंतर काढायची राहिलेली बायपास वायर, किंवा जागा बदलून दुसऱ्याच सर्किटवर लावलेला फ्रायर. म्हणूनच दर सहा महिन्यांच्या तपासणीत, रसायन सुटू नये अशी सोय करून, प्रणाली प्रत्यक्ष ट्रिप करतात. ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे काम झाले असे नाही. बर्नर विझला का आणि हीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज शून्य आहे का, हे मोजून पाहावे.

गॅस पुन्हा सोडण्याआधी सर्व नॉब बंद करावेत, वास नाही याची खात्री करावी, मगच रीसेट करून पायलट (बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योती) एकेक करून पेटवावेत. प्रणाली खरोखर आगीत सुटली असेल, तर टाकी भरून आणि वितळलेल्या लिंक (उष्णतेने वितळून प्रणाली सुरू करणारे धातूचे दुवे) बदलून होईपर्यंत हे काम सुरूच करू नये.