फाटलेला कंदील आणि ‘सॉरी म्हण’

दिवाळीला आठवडा होता. डिचोलीच्या आमच्या घरात थोरली बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील बांधत होती. वय वर्षं सात. चार वर्षांच्या धाकट्याने तो हिसकला, कागद टरकन फाटला, एक काडी मोडली. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, त्याने भोकाड पसरलं, आणि सोप्यावरून आजींचा आवाज आला, “आधी सॉरी म्हण ताईला!” तो ‘सॉरी’ म्हणाला. तिचा राग तसूभरही उतरला नाही.

उतरेल कसा? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात मारिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना प्लॅस्टिकच्या पेल्यांचा मनोरा रचायला दिला. तो दुसऱ्या व्यक्तीच्या हातून पडला. मग काहींची नुसती माफी मागितली, काहींना मनोरा पुन्हा उभारायला मदत केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माफीमुळे संबंध सांधला गेला, मुलांनी त्या व्यक्तीला आपल्यातलं काही द्यायला हात आखडला नाही. पण मनातलं दुखणं कमी झालं ते मदत मिळालेल्यांचंच. माफी वाया जात नाही, पण फाटलेला कागद तिने चिकटत नाही.

आणि दरडावून वदवलेली माफी? मोठ्यांनी आठवण केल्यावर मूल मनापासून ‘चुकलं’ म्हणालं, तर समोरच्या मुलाला ते पटतं. जबरदस्ती मात्र सात-आठ वर्षांची मुलं बरोबर ओळखतात.

आधी राग ओसरू द्यावा लागतो. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी लहान मुलांच्या थयथयाटाच्या शेकडो नोंदी तपासल्या (२००३). बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपतात. किंचाळणं, लाथा झाडणं सुरुवातीलाच शिगेला पोचतं आणि ओसरतं. रडणं, कुशीत शिरू पाहणं मात्र शेवटपर्यंत टिकतं. म्हणजे त्या पाच मिनिटांत उपदेश करून उपयोग नाही. मारामारी थांबवायची, दोघांना अंतरावर बसवायचं आणि आपण जवळ राहायचं. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या पुढेही घडत असतो; चार वर्षांच्या पोराकडून त्याची अपेक्षा कसली करायची!

एका वाक्याचा मला फार राग येतो: “तू मोठी ना, सोडून दे.” सातव्या वर्षी मोठी? तिची वस्तू मोडली, वर तिलाच मन मोठं करायला सांगायचं. त्यापेक्षा “कंदील फाटला म्हणून तुला राग आलाय, नि वाईटही वाटतंय” एवढं म्हटलं तरी तिचा श्वास खाली बसतो. धपाट्याचा हिशोब निराळा, तोही त्याच दिवशी करायचा: मारणं चुकलं, राग येणं नाही.

कॅनडात ज्युली स्मिथ आणि हिल्डी रॉस यांनी २००७ च्या अभ्यासात आईवडिलांना न्यायाधीशाऐवजी मध्यस्थ व्हायला शिकवलं. दोघांचं ऐकायचं, एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावायचं आणि तोडगा मुलांनाच काढू द्यायचा. त्या घरांतली मुलं नंतर जास्त समजुतीने वाटाघाटी करू लागली.

मी दोघांना विचारलं, “आता काय करायचं?” धाकट्याने खळीची वाटी आणली. थोरली त्याच्याकडे बघेना, बोलेनाही, आणि मी तिला बोलायला लावलं नाही. तिन्हीसांजेला तिनेच वाटी त्याच्यापुढे सरकवली, “इथे लाव. जास्त नको.”