नौकेतील दीर्घकालीन इंधनसाठवण

वापराविना महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या नौकेच्या टाकीतील इंधन ज्वलनयोग्य, पाण्यापासून मुक्त आणि सुरक्षित राहावे यासाठी करण्यात येणाऱ्या उपाययोजनांचा या विषयात अंतर्भाव होतो. हंगामापुरत्या पाण्यात उतरणाऱ्या क्रीडानौका, दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या नौका आणि मोठ्या जहाजांवरील जीवननौका यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेषत्वाने उद्भवतो. मोटारगाडीच्या टाकीपेक्षा नौकेची टाकी तीन बाबतींत वेगळी असते. ती व्हेंट नळीद्वारे बहुधा थेट बाहेरच्या हवेला खुली असते, तिचे भरणतोंड अनेकदा डेकच्या पृष्ठभागाशी समतल असल्याने त्यावर पावसाचे व लाटांचे पाणी साचते, आणि तळाशी बसलेला गाळ समुद्र खवळताच ढवळून निघतो. या तिसऱ्या कारणामुळे बंदरात निर्दोष वाटलेले इंजिन नेमके खुल्या समुद्रात बंद पडते.

जीवननौकेचे उदाहरण या प्रश्नाचे टोक दाखविते. जीवनरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार पूर्ण भारित जीवननौका ६ नॉट वेगाने किमान २४ तास चालू शकेल एवढे इंधन तिच्यात ठेवावे लागते; समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारान्वये होणाऱ्या साप्ताहिक तपासणीत मात्र इंजिन एकूण किमान ३ मिनिटे चालविले म्हणजे पुरते. या हिशेबाने वर्षभरात इंजिन जेमतेम अडीच तास चालते, तेही पूर्ण भाराशिवाय. त्यामुळे मुद्दाम बदलले नाही तर तेच इंधन वर्षानुवर्षे टाकीत पडून राहते.

पेट्रोलचा ऱ्हास मुख्यत्वे दोन मार्गांनी होतो. त्यातील हलके घटक व्हेंटमधून उडून जातात व थंड इंजिन सुरू होण्यास त्रास होतो. दुसरीकडे असंतृप्त हायड्रोकार्बनांचे, विशेषतः ओलेफिनांचे, हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन पेरॉक्साइडे व त्यांपासून डिंकासारखी चिकट द्रव्ये बनतात आणि ती कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत साठतात. तांब्याचा अंशही या क्रियेस उत्प्रेरक ठरत असल्याने टाकी व जोडण्यांत तांबे टाळणे इष्ट असते. स्थिरक म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांत सामान्यतः ऑक्सिडीकरणरोधक फिनॉले किंवा ॲमिने आणि धातूंचा परिणाम थोपविणारी संयुगे असतात. ती ऱ्हास लांबवितात, झालेला ऱ्हास उलटवीत नाहीत. म्हणून ती ताज्या इंधनातच मिसळावी लागतात आणि त्यानंतर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून प्रक्रिया केलेले पेट्रोल संपूर्ण प्रणालीत पोहोचवावे लागते. एथेनॉलविरहित पेट्रोल बंद पात्रात सुमारे वर्षभर टिकते असे सर्वसाधारणपणे मानतात. हवेला खुल्या टाकीत हा काळ काही महिन्यांवर येतो.

एथेनॉलमिश्रित पेट्रोलात आणखी एक अडचण असते. दहा टक्के एथेनॉल असलेले पेट्रोल १५° से. तापमानास आकारमानाने सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेऊ शकते. ही मर्यादा ओलांडली, किंवा तापमान उतरल्याने मर्यादाच खाली आली, की पाणी व एथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच इंधन ओढत असल्याने पहिल्यांदा हाच थर इंजिनात जातो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक (इंजिनात अकाली पेट न घेण्याच्या क्षमतेचे माप) दोन-तीनने घटलेला असतो. एकदा झालेले हे विभाजन कोणत्याही स्थिरकाने व्यवहारतः पूर्ववत होत नाही. जुन्या पॉलिएस्टर काचतंतूंच्या टाक्यांतील रेझीन एथेनॉलमुळे विरघळते हा स्वतंत्र दोष होय.

टाकी पूर्ण भरून ठेवावी की रिकामी करावी, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे. पूर्ण भरण्याचा पुरस्कार करणाऱ्यांचा मुख्य आधार संघनन हा असतो. रात्री टाकी थंड होताना बाहेरची दमट हवा आत येते, तिच्यातील वाफ भिंतींवर थिजते, ते पाणी तळाशी उतरते व दिवसा बाहेर पडत नाही. म्हणून टाकीत हवेला जागाच ठेवू नये, असे हे मत आहे. त्यामागील भौतिकी निर्विवाद आहे. प्रमाणाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. २०० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे आणि तिचे तापमान रोज २०° से. वरून १०° से. पर्यंत उतरते असे धरल्यास हवा व डिझेल यांच्या आकुंचनामुळे दररोज सुमारे ४ लिटर हवा आत ओढली जाते. २०° से. तापमानाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ असते. म्हणजे ओढलेल्या हवेतील सगळी वाफ टाकीतच थिजली असे मानले, तरी दिवसाला ०.०७ ग्रॅम आणि सहा महिन्यांत १३ ग्रॅमच्या आसपास पाणी जमेल. याउलट ईएन ५९० या युरोपीय मानकानुसार डिझेलमध्ये दर किलोग्रॅमला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते, म्हणजे १०० लिटर डिझेल भरतानाच जवळजवळ १७ ग्रॅम पाणी कायदेशीररीत्या टाकीत येऊ शकते आणि तापमान उतरल्यावर त्याचा काही भाग विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर पडू शकतो. भरणतोंडाच्या झाकणाखालील कडक झालेल्या किंवा चिरलेल्या रबरी कड्यातून तर एका पावसातही याहून कितीतरी अधिक पाणी आत जाते.

उन्हात तापणाऱ्या डेकखालील धातूच्या टाकीत तापमानाचा चढउतार मोठा असतो व उष्ण, दमट हवामानात हवेतील वाफही जवळजवळ दुप्पट असते, हा प्रतिवाद रास्त आहे. परंतु त्यानेही प्रमाण ग्रॅमांवरून लिटरांवर जात नाही. त्यामुळे टाकीत लिटरभर पाणी आढळल्यास संघननास दोष देण्यापूर्वी झाकण, व्हेंटचे तोंड व इंधनाचा पुरवठा तपासणे अधिक युक्त ठरते. पूर्ण भरण्याच्या पद्धतीचा खरा लाभ कदाचित वेगळाच असावा. हवेशी संपर्क घटल्याने ऑक्सिडीकरण व हलक्या घटकांचे बाष्पीभवन मंदावते, आणि रिकाम्या पेट्रोल टाकीत स्फोटक्षम प्रमाणातील बाष्पमिश्रण राहण्याचा धोकाही टळतो. भरताना मात्र प्रसरणासाठी सुमारे पाच टक्के जागा सोडतात, कारण तापमान २०° से. ने वाढल्यास १०० लिटर पेट्रोल सुमारे २ लिटरने फुगते व ते व्हेंटवाटे पाण्यात सांडते. त्यावर उपाय म्हणून व्हेंट बंद करणे सर्वथा वर्ज्य होय, कारण त्यामुळे टाकीवर दाब येतो. एथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल आणि नौका वर्षाहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून सुकविणे काही तज्ज्ञ पसंत करतात. जवळजवळ रिकामी ठेवणे मात्र कोणत्याच पक्षाला मान्य नाही.

डिझेलमध्ये पाण्याचे थोडेसे प्रमाणही घातक ठरते ते जीववैज्ञानिक कारणांनी. डिझेल व पाणी यांच्या सीमेवर बुरशी व जंतू वाढतात, हायड्रोकार्बनांवर पोसतात आणि तपकिरी-काळा बुळबुळीत थर निर्माण करतात. नाविकांत त्यास शेवाळ म्हणण्याचा प्रघात असला, तरी प्रकाशहीन टाकीत शेवाळ वाढत नाही. यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेली बुरशी आमॉर्फोथेका रेझिनी (नामकरण १९६९) होय. तिच्या अलैंगिक अवस्थेस हॉर्मोकोनिस रेझिनी असे नाव १९७३ मध्ये दिले गेले आणि जुन्या ग्रंथांत ती क्लॅडोस्पोरियम या प्रजातीत आढळते. पॅराफिनवर बुरशी वाढू शकते ही नोंद मियोशी यांनी १८९५ मध्ये केली होती, परंतु इंधन टाक्यांतील उपद्रवाकडे गांभीर्याने लक्ष गेले ते बहुधा १९५०–६० च्या दशकांत, जेट विमानांच्या केरोसीन टाक्यांमुळे. थराखालील ऑक्सिजनहीन भागात सल्फेट-क्षपणकारी जंतू सल्फाइड निर्माण करतात आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांत खड्डे पडतात. मेदाम्लांच्या मेथिल एस्टरांचे, म्हणजे जैवडिझेलचे, मिश्रण असल्यास इंधन अधिक पाणी धरून ठेवते व सूक्ष्मजीवांना अधिक सुलभ अन्न मिळते. म्हणून जीवननौका व आणीबाणीच्या इंजिनांसाठी जैवडिझेलविरहित इंधन निवडणे श्रेयस्कर मानतात.

जीवनाशके सूक्ष्मजीव मारतात, पण मृत जीवद्रव्य टाकीतच राहते व गाळण्या तुंबवते. त्यामुळे तळाच्या निचरा झडपेतून पाणी काढणे हा प्राथमिक उपाय आणि जीवनाशक हा दुय्यम उपाय होय. पाण्याचे इंधनात सूक्ष्म थेंबांत विसरण करणारी मिश्रके आणि उलट ते एकत्र करून तळाशी बसविणारी मिश्रके या दोन्हींचे समर्थक आहेत. उभ्या नौकेसाठी दुसरा प्रकार अधिक सुसंगत दिसतो, कारण जलविलगकावर, म्हणजे इंधनातील पाणी वेगळे काढणाऱ्या गाळणीवर, अवलंबून असलेल्या प्रणालीत विसरित थेंब विलगकातून निसटून थेट इंजेक्टरांपर्यंत जातात. टाकीतील डिझेल पंपाने गाळण्यांतून पुनःपुन्हा फिरविण्याची पद्धतही वापरात आहे. कप्पे असलेल्या टाकीत ती कोपऱ्यांतील गाळ हलवीत नाही, ही तिची मर्यादा होय. उन्हाळी प्रतीचे डिझेल हिवाळ्यात टाकीत राहिल्यास त्यातील मेण स्फटिकरूपाने वेगळे होते.

पेट्रोलची वाफ हवेहून तीन ते चार पट जड असून ती बिल्ज या तळाच्या पोकळीत साचते, आणि हवेत १.४ टक्क्यांपासून सुमारे ७.६ टक्क्यांपर्यंत तिचे मिश्रण स्फोटक असते. दीर्घ विश्रांतीनंतर नळ्या व जोडण्या हाताने तपासणे, बिल्जचा वास घेणे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी वायुवीजन पंखा किमान चार मिनिटे चालविणे म्हणूनच आवश्यक ठरते. डिझेलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या किमान तापमानास त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, ५५° से. च्या वर असल्याने हा धोका त्यात पुष्कळ कमी असतो. नौकेच्या मागच्या बाजूस बाहेरून बसविलेल्या बहिस्थ इंजिनांच्या सुट्या टाक्या हंगामाअखेर रिकाम्या करून ठेवतात, आणि दुहेरी आघाती इंजिनांसाठी तेल मिसळलेले पेट्रोल पुढील हंगामासाठी राखून ठेवीत नाहीत.