उकिरडा, नाडेप आणि सोनखत : विदर्भातल्या घरच्या खताची पार्श्वभूमी

कोठ्यातलं शेण, मुतानं भिजलेलं कुटार आणि चुलीतली राख रोज उकिरड्यावर टाकायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर बंडीत भरून वावरात न्यायची, ही विदर्भातली जुनी रीत. पण आज तिचं जेवढं कौतुक होतं, तेवढी ती चोख नव्हती. बरंचसं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जळायचं, मूत कोठ्यातच मुरायचं. उघड्या ढिगाचा कस उन्हापावसानं जायचा आणि अर्धकच्च्या खतासोबत मुळं खाणारी हुमणी अळी नि तण वावरात पोचायचं.

इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी याच ढिगाला शिस्त लावली. काडीकचरा, शेण आणि मूत मुरलेली माती यांचे थर, ठरावीक वेळी पालटणी, म्हणजे ढीग खालीवर करणं, आणि तीन महिन्यांत खत. १९३१ साली ही पद्धत पुस्तकातून जगापुढे आली. पालटणीला मात्र माणसं लागतात, आणि ढोरं कमी असली की शेणही पुरत नाही.

यावर उपाय यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला निघाला. नारायण देवराव पांढरीपांडे यांचं नाडेप टाकं म्हणजे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांमध्ये झरोके सोडलेलं बांधकाम. हवा झरोक्यांतून खेळते, म्हणून पालटणी नाही. दीड टनाच्या आसपास काडीकचरा, जवळपास पावणेदोन टन चाळलेली माती. शेण मात्र फक्त ९०-१०० किलो, तेही पाण्यात कालवून शिंपडायचं. टाकं भरलं की वरून शेणमातीनं लिंपतात. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो. मग पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. तडा दिसला की बुजवायचा. तीन-चार महिन्यांत खत तयार.

माणसाच्या मैल्याचं खत, म्हणजे सोनखत, करणंही अवघड नव्हतं. त्याला हात कोण लावणार, इथंच घोडं अडलं. १९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहिले. मैला उथळ चरात टाकून मातीनं झाकावा, वरच्या थरातले जिवाणूच त्याचं खत करतात, हा त्यांचा आग्रह. खोल खड्ड्याला त्यांचा विरोध होता. आश्रमात हे काम सगळ्यांच्या वाट्याला यायचं. विनोबा पवनारहून सुरगावात भंगीकामाला जायचे. गावानं आदर केला, पण काम जातीवर ठेवलं ते ठेवलंच. मैला डोक्यावरून वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा यायला १९९३ उजाडलं.

आज सरकार दोन खड्ड्यांच्या शौचालयाची शिफारस करतं. एक खड्डा भरला की बंद ठेवून दुसरा वापरायचा. वर्षा-दीड वर्षात पहिल्यातला मैला कोरडा, बिनवासाचा होतो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले होते. आपल्याकडे मात्र अजून अनेक घरांत एकच खड्डा, तोही विहिरीसारखा खोल खणतात, जन्मात भरू नये म्हणून. त्यातून खत निघायचा प्रश्नच येत नाही.