विश्रामबागवाडा : शेवटच्या पेशव्याचे घर टिकले कसे?

पेशव्यांनी पुण्यात बांधलेल्या राहत्या वाड्यांपैकी आज वाडा म्हणून ज्यात फिरता येते, असा विश्रामबागवाडाच उरला आहे. शनिवारवाड्याचा तट आणि दिल्ली दरवाजा राहिला, आतल्या इमारती १८२८च्या आगीत गेल्या. बुधवारवाड्याचे तर आता नावच शिल्लक आहे.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७च्या सुमारास बांधून घेतला. खर्च सुमारे २ लाख रुपये. घराण्याचा शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर असताना नव्या वाड्याची गरज का पडली? शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला होता आणि १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथेच सज्जावरून पडून गेले होते. राघोबादादांच्या मुलाचे, म्हणजे या बाजीरावाचे, मन तिथे रमले नसेल, तर नवल नाही.

काळही बदलला होता. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, बाजीरावाने पळून जाऊन वसईचा तह केला आणि १८०३ मध्ये इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या भरवशावर तो परतला. शनिवारवाड्याला तट आणि बुरूज आहेत, विश्रामबागेला नाहीत. संरक्षणाची काळजी दुसऱ्यावर सोपवलेल्या धन्याचे हे घर आहे, असे मला त्याची रचना पाहताना नेहमी वाटते.

ही रचना सावकाश पाहण्यासारखी आहे. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि विटांच्या भिंती. भार मुख्यतः लाकडावर असल्याने एकामागून एक मोकळे चौक घेता आले आणि त्यांच्या भोवतीने ओसऱ्या आणि दालने आली. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात सुरूदार खांबांच्या ओळी आहेत. खालचा दगडी तळखडा, त्यावर कमळाच्या पाकळ्यांचा फुगीर भाग, मग सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा खांब आणि शेवटी दोन खांबांना जोडणारी लाकडी महिरप. अशा एका खांबाजवळ पाच मिनिटे उभे राहावे. सुताराचा हात किती सराईत होता ते कळते.

बाजीरावाला इथे जेमतेम दहा वर्षे मिळाली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि १८१८ मध्ये शरण आल्यावर त्याची रवानगी ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला झाली.

वाड्याचा धनी गेला, पण वाडा ओस पडला नाही. माझ्या मते तो वाचला तो यामुळेच. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. तो खर्च एकदम बंद केला तर पुण्यात असंतोष माजेल, हे इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ओळखले. त्यातल्याच पैशातून १८२१ मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय तिथे शिकवले जात. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि त्यातून डेक्कन कॉलेज घडले.

मे १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांच्या बंडाने पुणे ढवळून निघाले असतानाच एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग, दोन्हींना आगी लावल्या गेल्या. बुधवारवाडा गेला. विश्रामबागेचा पूर्वेकडचा दर्शनी भाग जळाला. तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून पुन्हा उभारण्यात आला. पुढे वाड्यात नगरपालिकेचा कारभार चालला, तळमजल्यावर टपाल कार्यालय आले. महापालिकेच्या वारसा यादीत तो पहिल्या श्रेणीत आहे.

म्हणजे बाजीराव रस्त्यावरून ज्या नक्षीदार सज्जाचे फोटो काढले जातात, ती बाजू आगीनंतर सावरलेली आहे. बाजीरावाच्या वेळचे काम पाहायचे, तर दरवाजातून आत जाऊन मागच्या चौकांकडे वळावे.