हेसमन, माइक

(५ मार्च १९७८ – ). अमेरिकन बेसबॉलपटू. अमेरिकेतील मायनर लीगमध्ये (सर्वोच्च अशा मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांमध्ये) सर्वाधिक, ४३३ होम रनचा (चेंडू कुंपणापार धाडणाऱ्या फटक्यांचा) विक्रम याच्या नावावर आहे. कॅलिफोर्नियातील फाउंटन व्हॅलीत जन्म. शाळा संपताच, १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत) अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला पंधराव्या फेरीत घेतले. क्षेत्ररक्षणातली मुख्य जागा तिसरा बेस (धाव घेताना गाठायच्या थांब्यांपैकी एक), गरजेप्रमाणे पहिलाही.

मायनर लीगमधला खेळाडू जर्सी गावच्या क्लबची घालतो, पण त्याचा करार आणि पगार मेजर लीगच्या संघाकडे असतो, आणि त्याला कुठे ठेवायचे हेही तो संघच ठरवतो. सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत. हेसमन मेकन, मर्टल बीच, ग्रीनव्हिल अशा गावांतून रिचमंडपर्यंत, म्हणजे ट्रिपल-एपर्यंत चढला आणि पुढची बहुतेक कारकीर्द त्याच पायरीवर गेली. वरून बोलावणी आली, पण ती तात्पुरती. ब्रेव्ह्ज (२००३-०४), डेट्रॉइट टायगर्स (२००७-०८) आणि न्यूयॉर्क मेट्स (२०१०) मिळून १०९ सामने, १४ होम रन, सरासरी .१८८, म्हणजे फलंदाजीच्या शंभर संधींमागे एकोणीस हिटही (यशस्वी फटके) नाहीत. चेंडू लागला तर कुंपणापार, नाहीतर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), असा त्याचा खेळ. त्यात मेट्समध्ये तिसऱ्या बेसवर डेव्हिड राइटसारखा हुकमी खेळाडू उभा असताना जागा मिळणार कशी? ट्रिपल-एमध्ये भारी आणि त्याच्या वर अपुरा पडणाऱ्या अशा खेळाडूला अमेरिकेत ‘फोर-ए’ म्हणतात. शब्द काहीसा निष्ठुर आहे, पण नेमका.

त्याचे खरे गाव टोलेडो, ओहायो. तिथला मड हेन्स हा टायगर्सचा ट्रिपल-ए संघ. डेट्रॉइट तिथून गाडीने तासाभरावर. मड हेन म्हणजे दलदलीतला काळा पाणपक्षी. त्याच्या आपल्याकडच्या भाईबंदाला मराठीत चांदवा किंवा वारकरी म्हणतात. या संघाने २००५ आणि २००६ मध्ये इंटरनॅशनल लीग या ट्रिपल-ए स्पर्धेचा विजेतेपदाचा गव्हर्नर्स कप जिंकला तेव्हा हेसमन संघात होता. २००७ मध्ये तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने जपानला ८-४ असे हरवून कांस्यपदक घेतले, त्या चमूतही तो होता. २०११ साली तो जपानच्या ओरिक्स बफेलोजकडून खेळला, मग ओक्लाहोमा सिटी, लुइव्हिल, आणि २०१४ मध्ये पुन्हा टोलेडो. त्याच वर्षी त्याने ओली कार्नेगीचा २५८ होम रनचा इंटरनॅशनल लीगमधला जुना विक्रम मागे टाकला.

३ ऑगस्ट २०१५ ला टोलेडोच्या मैदानावर समोर लीहाय व्हॅलीचा संघ, चेंडू डस्टिन मॅकगोवनच्या हातात, तिन्ही बेसवर धावपटू. हेसमनने चेंडू कुंपणापार धाडला. एका फटक्यात चार धावा, आणि बझ आर्लेटचा ४३२ होम रनचा जुना विक्रम मागे पडला. आर्लेटला तर मेजर लीगचा एकच हंगाम (१९३१) मिळाला होता, आणि त्यात सरासरी होती .३१३! मेक्सिकन लीग हीसुद्धा मायनर लीगच धरली, तर तिथल्या एक्टर एस्पिनोचे ४५३ होम रन आहेत; म्हणून या विक्रमापुढे ‘अमेरिकेतील’ हा शब्द जोडावा लागतो.

असे विक्रम मोडायला वीस वर्षे खाली राहावे लागते. त्यामुळे मायनर लीगमधल्या कोणालाच हा आकडा गाठायची घाई नसते. हेसमन त्याच हंगामानंतर निवृत्त झाला आणि टायगर्सच्याच यंत्रणेत फलंदाजीचा प्रशिक्षक झाला.