हंग की हँग्ड: एका क्रियापदाचे दोन भूतकाळ

शाळेत इंग्रजी क्रियापदांचे तक्ते आमच्याकडून पाढ्यांसारखे म्हणून घेत. गो-वेंट-गॉन, सिंग-सँग-संग अशी चाल लागलेली असायची आणि ‘हँग’पाशी ती अडखळायची. तिथे भूतकाळाच्या रकान्यात दोन रूपे: हंग आणि हँग्ड. बाईंचे उत्तर ठरलेले, ‘कपडे हंग, माणूस हँग्ड.’ परीक्षेपुरते ते पुरायचे.

अर्थ दोन, म्हणून रूपे दोन झाली असे यावरून वाटते. घडले ते वेगळेच. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ही क्रियापदेच दोन होती. ‘होन’ म्हणजे टांगणे. त्याचा भूतकाळ मधला स्वर बदलून ‘हेंग’ असा व्हायचा. ‘हांगिअन’ म्हणजे स्वतः लोंबकळत असणे. त्याला शेपूट लागून ‘हांगोडे’ व्हायचे. आजच्या ‘एड’चे पूर्वज हेच शेपूट. स्वर बदलणाऱ्या क्रियापदांना सबल आणि शेपूट लावणाऱ्यांना दुर्बल ही नावे परीकथांमुळे घरोघरी पोचलेल्या याकोब ग्रिम यांनी दिली. आपण टांगणे आणि लोंबणे यांत गोंधळ करत नाही; इंग्रजांनी केला. त्यात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचे ‘हेंग्या’ मिसळले आणि पुढच्या काही शतकांत तिन्हींचा मिळून एकच ‘हँग’ उरला.

इंग्लंडच्या दक्षिणेत भूतकाळासाठी ‘हँग्ड’ रुळले, माणसासाठीही आणि वस्तूंसाठीही. उत्तरेकडच्या बोलीत मात्र ‘हिंग’ असे रूप होते (आपल्या फोडणीतल्या हिंगाचा इथे काही संबंध नाही). ते सिंग-सँग-संगच्या चालीवर चालवले गेले आणि त्यातून ‘हंग’ निघाले. सोळाव्या शतकात हे उत्तरेकडचे रूप सगळीकडे पसरू लागले.

पसरायला वेळ लागला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हामान नावाच्या दरबाऱ्याला फाशी दिली तिथे ‘हँग्ड’ आहेच, पण 137 व्या स्तोत्रात बाबेलच्या नदीकाठी बंदिवान आपल्या वीणा झाडांना टांगतात, तिथेही ‘हँग्ड’च आहे. बाईंनी त्या ओळीवर लाल रेघ मारली असती.

पुढे वस्तूंचा कारभार ‘हंग’ने घेतला. फाशीपुरते जुने रूप टिकले ते मुख्यतः न्यायालयांमुळे. शिक्षेचे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या शब्दांत उच्चारले जाई. बाजारात भाषा बदलली म्हणून न्यायाधीश आपले वाक्य बदलत नसत. गंमत अशी की यात वाटणी उलटी झाली. जुन्या इंग्रजीत माणसाला टांगण्यासाठी स्वर बदलणारे रूप होते आणि शेपूटवाले रूप नुसत्या लोंबण्यासाठी. आज शेपूटवाले फाशीकडे गेले आहे. त्यामुळे ‘अर्थाप्रमाणे रूप’ हा नियम भाषेच्या पोटातून आलेला नाही, सवयीने पडलेला आहे. इंग्रजी बोलणारे चांगले शिकलेले लोकही फाशीसाठी ‘हंग’ म्हणून जातात ते त्यामुळेच, असे मला वाटते.

‘लाय’ची गोष्ट याच जातीची. आडवे होणे आणि खोटे बोलणे ही जुन्या इंग्रजीत ‘लिजन’ आणि ‘लेओगन’ अशी वेगळी क्रियापदे. उच्चार झिजून एक झाले, भूतकाळ मात्र ‘ले’ आणि ‘लाइड’ असे वेगळेच राहिले. त्यात ‘ले’ हे आणखी एका क्रियापदाचे, म्हणजे ठेवणे या अर्थाच्या क्रियापदाचे, वर्तमानकाळी रूप. पुढची तक्रार करायला जागा नाही.

ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी 1965 मध्ये स्थगित झाली, 1969 मध्ये कायमची गेली. शिक्षेचे ते वाक्य आपल्याकडे मात्र चालू आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मृत्युदंडाच्या आदेशाचे शब्द ‘हँग्ड बाय द नेक टिल ही इज डेड’ असे होते. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कायद्याचे नाव बदलले, ‘हँग्ड’ तसेच राहिले. निकाल टाइप करताना कोर्टातला कॉम्प्युटर अडला तर कारकून म्हणतो ‘हँग झाला’, आणि भूतकाळाचे काम ‘झाला’वर सोडून देतो.